इंग्लंडच्या खेड्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींना: पॅरिशची खुर्ची रिकामी आहे

स. न. वि. वि.

हे पत्र लंडन, लेस्टर किंवा स्लाऊच्या मराठी मंडळींसाठी नाही. तिकडे कौन्सिलमध्ये आपल्यासारखी नावं बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि निवडणूक आली की दारावर थाप पडते. मी लिहितेय ते नोकरीच्या निमित्ताने खेड्यात येऊन स्थिरावलेल्यांना. केअर होममध्ये रात्रपाळ्या करणाऱ्या नर्सताई, चार गावांत मिळून एक असलेल्या सर्जरीतले, म्हणजे दवाखान्यातले, डॉक्टर, घरून काम करता येतं म्हणून शहर सोडून आलेली आयटीतली जोडपी. गावात आपलं एखादंच घर, फार तर दोन, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी चाळीस मिनिटं गाडी.

तुमच्यातल्या बहुतेकांचं नाव मतदारयादीत आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. घर घेताना क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून मॉर्गेजवाल्यानेच ते घालायला लावलेलं असतं. त्या यादीचा आणखीही एक उपयोग असतो: पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत, मत देण्याचा आणि उभं राहण्याचा. त्याबद्दल हे पत्र.

२०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक यांचं नाव पंतप्रधानपदासाठी नक्की झालं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पेढ्यांचे फोटो फिरले. त्यांचा तेव्हाचा मतदारसंघ रिचमंड, म्हणजे माझ्याच आसपासचा, नॉर्थ यॉर्कशायरमधला डोंगरदऱ्यांचा आणि मेंढ्यांचा मुलूख. पेढे वाटायला माझी हरकत नाही, मीही वाटले. पण त्याच मुलखात घरासमोरच्या खड्ड्याबद्दल, शाळेच्या बसबद्दल, गावाबाहेरच्या शेतात होऊ घातलेल्या साठ घरांबद्दल आपल्या वतीने कोण बोलतं, असं विचारलं तर ग्रुपवर शांतता पसरते. पंतप्रधान पाठ, वॉर्डातला कौन्सिलर कोण ते ठाऊक नाही. वास्तविक पहिल्याने आपला खड्डा कधीच बुजवला नसता.

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली, म्हणून तिथलाच दाखला देते. कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलचा इलाखा त्याहून थोडा मोठा, सुमारे ८,००० चौरस किलोमीटर. कोल्हापुरात जिल्हा परिषद, तिच्याखाली बारा तालुक्यांच्या पंचायत समित्या आणि त्यांच्याखाली हजारावर ग्रामपंचायती. इथे लोकसंख्या सहा लाखांवर आणि निवडून दिलेले सदस्य ९०. मधली पायरी २०२३ च्या १ एप्रिलला काढून टाकली. त्या दिवसापर्यंत क्रेव्हन, रिचमंडशायर, रायडेल, हॅम्बल्टन, हॅरोगेट, सेल्बी आणि स्कारबरो अशी सात जिल्हा कौन्सिलं होती. ती सगळी विसर्जित झाली आणि कारभार नॉर्थॅलर्टनच्या काउंटी हॉलमध्ये एकवटला.

स्वेलडेल खोऱ्यातल्या रीथ गावाचंच बघा. १८९४ च्या कायद्याने रीथच्या परिसराला स्वतःचं ग्रामीण जिल्हा कौन्सिल मिळालं. ते १९७४ पर्यंत टिकलं. १९७४ मध्ये ते रिचमंडशायरमध्ये विलीन झालं आणि निर्णय खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या रिचमंड शहरात गेले. २०२३ मध्ये तिथून नॉर्थॅलर्टनला. २०२४ च्या मे महिन्यापासून त्याच्याही वर यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायर मिळून एक निवडून दिलेला महापौर आहे. प्रत्येक वेळी कारण एकच दिलं गेलं, काटकसर आणि कार्यक्षमता. ते अगदीच खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण दरवेळी खोऱ्यातल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला आणखी लांब जावं लागलं आणि त्याच्या बाजूने बोलणारी माणसं आणखी कमी झाली, हेही तितकंच खरं.

आता शाळेच्या बसचं ऐका, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. २०२४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने मोफत शालेय बसचा नियम बदलला. आधी मुलाला सर्वांत जवळच्या शाळेसाठी किंवा त्या भागाला नेमून दिलेल्या शाळेसाठी बस मिळायची. नव्या नियमाने फक्त सर्वांत जवळच्या, जागा शिल्लक असलेल्या शाळेसाठी. शहरात हा फरक दोन गल्ल्यांचा असतो. डेल्समध्ये, म्हणजे इथल्या डोंगरांमधल्या लांबट खोऱ्यांत, कागदावर जवळची ठरणारी शाळा डोंगरापलीकडे असू शकते, कधी शेजारच्या काउंटीत, आणि मधला घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. पालक हेच घसा फोडून सांगत होते. कौन्सिलची अडचण पैशाची होती. शालेय वाहतुकीवर कोट्यवधी पौंड जातात आणि तो पैसा कुठून तरी वाचवावाच लागतो. तरीही मला राहून राहून वाटतं की त्या सभेत मत देणाऱ्यांपैकी जानेवारीच्या सकाळी सात वाजता तो घाट चढलेले किती जण होते? ९० जणांत वरच्या खोऱ्यांतून येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांसाठी तो नकाशावरचा एक ठिपका.

हे नॉर्थ यॉर्कशायरपुरतं नाही. कॉर्नवॉल, विल्टशायर, श्रॉपशायर, नॉर्थम्बरलँड इथे एकच मोठं कौन्सिल २००९ मध्येच आलं, डॉर्सेटमध्ये २०१९ ला, सॉमरसेटमध्ये २०२३ ला. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर उरलेल्या काउंट्यांचीही तीच वाट आहे. साधारण पाच लाख वस्तीला एक कौन्सिल असं सरकारच्या मनात आहे. या फेररचनेसाठी मे २०२५ च्या नऊ ठिकाणच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलल्या गेल्या. नॉरफोक, सफोक, एसेक्स, सरे, हॅम्पशायर ही त्यांतली काही. इथे निदान निवडून आलेले जुनेच सदस्य मुदतवाढीवर बसले. आपल्या कोल्हापूर महापालिकेत २०२० च्या शेवटी मुदत संपली, त्यानंतर मतदान झालं थेट २०२६ च्या जानेवारीत, आणि मधली पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती. मुंबई आणि पुण्यातही २०२२ पासून त्याच जानेवारीपर्यंत तेच. निवडणूक न होण्याची किंमत काय असते, हे या देशात आपल्याइतकं ताजं कोणाला माहीत असेल? नॉरफोक-सफोकमधल्या मराठी माणसांनी तरी या विषयावर गप्प बसायला नको होतं.

ही झाली वरच्या मजल्याची गोष्ट. माझं खरं सांगणं तळमजल्याबद्दल आहे.

इंग्लंडमध्ये पॅरिश आणि टाउन कौन्सिलं मिळून सुमारे १०,००० आहेत. आपल्या ग्रामपंचायतीचीच भावंडं, फक्त बरीच अशक्त. पगारी माणूस एकच, क्लार्क, तोही बहुधा अर्धवेळ. त्याला ग्रामसेवक समजा. अधिकार बेताचे: खेळाचं मैदान, दफनभूमी, बसथांब्याचं छप्पर, काही ठिकाणी पथदिवे, पायवाटा, अलॉटमेंटचे, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे, वाफे. कौन्सिल टॅक्सचं बिल नीट उघडून पाहिलंत तर त्यात पॅरिशची वेगळी ओळ दिसेल. तो पैसा याच कौन्सिलने ठरवलेला असतो. त्यावर कमाल मर्यादा नाही आणि तो ठरतो तेव्हा खोलीत बहुधा सात-आठ माणसं असतात. गावात घर बांधायचा कोणताही अर्ज आला की पॅरिशला तो कळवून तिचं मत घ्यावं लागतं. निर्णय तिचा नसतो, पण तिचं म्हणणं नोंदीत जातं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गाव असेल तर आणखी एक गंमत आहे. तिथे बांधकामाची परवानगी कौन्सिल देत नाही, उद्यानाचं प्राधिकरण देतं, आणि त्या प्राधिकरणावर काही जागा पॅरिश सदस्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. म्हणजे या अशक्त संस्थेतून एक दार थेट तिथे उघडतं.

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पॅरिशला स्वतःचा विकास आराखडा करायची मुभा मिळाली. गावात सार्वमत घ्यायचं आणि मंजूर झाला की तो कायद्याने विचारात घ्यावाच लागतो. देशातला असा पहिला आराखडा कंब्रियाच्या अप्पर ईडन या डोंगराळ भागाने २०१३ मध्ये केला आणि मतदान करणाऱ्या दहांतल्या नवांनी त्याला होकार दिला. जिथे मोठं कौन्सिल नव्या बांधकामावर विकासशुल्क लावतं, तिथे त्यातले १५ टक्के पॅरिशला मिळतात. आराखडा असेल तर २५ टक्के. साठ घरांची वसाहत आली तर हा फरक लहान नसतो. पण आराखडा करायला गावात माणसं लागतात, आणि गाडी अडते ती इथेच.

पॅरिशच्या निवडणुकीत जागा नऊ आणि अर्ज सहा, हे इथे नेहमीचं चित्र आहे. मग मतदानच होत नाही. सहा जण बिनविरोध आणि उरलेल्या तीन जागा ते सहा जण आपल्या पसंतीने भरतात. आपल्या नगरपालिकांत स्वीकृत सदस्य असतात ना, तसं, पण इथे कधी कधी अर्धं कौन्सिल स्वीकृत. मधेच जागा रिकामी झाली तर नोटीस लागते, आणि १४ कामकाजाच्या दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तरच पोटनिवडणूक होते. दहा जण मागणी करत नाहीत, कारण नोटीस बोर्डावरचा तो कागद कोणी वाचलेलाच नसतो. मी स्वतः अशीच स्वीकृत सदस्य आहे. मला कोणी मत दिलेलं नाही. मला घेतलं, कारण मी मीटिंगला दोनदा येऊन बसले आणि तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं. याचा मला अभिमान वाटत नाही. पुढच्या वेळी रीतसर अर्ज भरणार आहे आणि माझ्याविरुद्ध तुमच्यापैकीच कोणी उभं राहिलं तर फारच उत्तम.

आपल्याकडे जागेसाठी काय काय होतं ते आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने २०२१ च्या जानेवारीत तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. एकीकडे खुर्चीचा लिलाव आणि दुसरीकडे खुर्चीवर कोणी बसत नाही म्हणून हळहळ. दोन्ही ठिकाणी मतपेटी उघडतच नाही, एवढं मात्र सारखं.

रिकाम्या जागेचा परिणाम कसा होतो ते सांगते. पॅरिशमध्ये बसणारी माणसं वाईट नसतात. निवृत्त शिक्षिका, दोन शेतकरी, एखादा जुना लष्करी अधिकारी. फुकट काम करतात, पावसात गटारं उपसतात, बाकांना रंग देतात. मोठ्या कौन्सिलांतही निराळं नाही. २०२२ च्या देशव्यापी पाहणीत सदस्यांचं सरासरी वय ६० निघालं होतं. पण अजेंडा बसणाऱ्यांच्या दिनक्रमातून येतो. कुत्र्यांची घाण, फुलांच्या टोपल्या, चर्चशेजारचं पार्किंग, यांवर एकेक तास चर्चा होते. शिफ्टला जाणारी सकाळी सातची बस एक वर्षाने बंद होणार आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण खोलीतल्या कोणालाच सातची बस पकडायची नसते. ती केअर होममधल्या मुलींना पकडायची असते. भाड्याने राहणारे, पाळीत काम करणारे, गाडी नसलेले, लहान मुलं असलेले, यांतलं कोणी तिथे नसतं. आणि आपल्यातले बरेच जण नेमके याच वर्गात मोडतात.

“पण आम्हाला चालतं का?” हा प्रश्न मला हमखास येतो. मतदानापुरतं उत्तर असं: भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर, स्टुडंट व्हिसावर राहत असाल तरी चालतं. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून इथे राहण्याची परवानगी असलेला माणूस स्थानिक निवडणुकीतच काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. याचं विचित्र टोक असं की २०२० नंतर इथे राहायला आलेल्या फ्रेंच माणसाला आता गावच्या पॅरिशसाठीही मत देता येत नाही, आणि गेल्या वर्षी नागपूरहून आलेल्या नर्सला देता येतं. साम्राज्याने जाता जाता ठेवलेली ही एक वस्तू. ती वापरायला लाजायचं कारण नाही. मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही, ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर जातं.

उभं राहायचं असेल तर अट कडक आहे. भारतीय नागरिकाकडे इथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर लागते. ती मिळायला लागणारी वर्षं पाचावरून दहावर नेण्याचा इरादा सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला, त्यामुळे नव्याने आलेल्यांना बरंच थांबावं लागेल असं दिसतं. बाकी सगळं सोपं आहे. अठरा वर्षं पूर्ण, आणि त्या पॅरिशच्या यादीत नाव, किंवा वर्षभर तिथे किंवा तिच्यापासून तीन मैलांच्या आत राहणं, किंवा वर्षभर तिथेच मुख्य नोकरी. यांतलं एक पुरे. म्हणजे शेजारच्या गावात राहून ज्या गावात दवाखाना चालवता, तिथल्या पॅरिशलाही उभं राहता येतं. सूचक एक, अनुमोदक एक. डिपॉझिट नाही. घरचा पत्ता मतपत्रिकेवर नको असेल तर छापत नाहीत, भगिनींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

एक गैरसमज मात्र दूर करते, कारण त्यापायी माझ्या ओळखीचे दोघे-तिघे मागे सरकले. पॅरिश कौन्सिलचा चर्चशी संबंध नाही. तो १८९४ च्या त्याच कायद्याने तुटला. गावचा कारभार पाद्री आणि जमीनदारांच्या हातून काढून लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे दिला, आणि त्यात स्त्रियांनाही, विवाहितांसकट, मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क दिला. संसदेसाठी त्यांना आणखी चोवीस वर्षं थांबावं लागलं. हा कायदा ज्या संसदेत झाला तिच्यात आपले दादाभाई नौरोजी खासदार होते, फिन्सबरी सेंट्रलमधून १८९२ साली अवघ्या पाच मतांनी निवडून आलेले. सदस्य होताना बायबलवर हात ठेवावा लागत नाही, एका कागदावर सही करायची.

दादाभाईंची पाच मतं जुनी वाटत असतील तर २०१७ चं घ्या. नॉर्थम्बरलँड कौन्सिलच्या साउथ ब्लाइथमध्ये दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि निकाल काडी काढून लागला. त्या एका काडीने हुजूर पक्षाचं अख्ख्या काउंटीतलं बहुमत एका जागेने हुकलं. तिथे त्या दिवशी आळस करून घरी बसलेल्या मतदारांचं पुढे कुटुंबात काय स्वागत झालं असेल, याचा मी अधूनमधून विचार करते.

“राजकारण नको” म्हणणाऱ्यांसाठी सॉमरसेटमधलं फ्रूम. २०११ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी कोणत्याही पक्षाच्या चिन्हाशिवाय टाउन कौन्सिल लढवलं, १७ पैकी १० जागा घेतल्या आणि २०१५ ला सगळ्या १७. आपण म्हणतो तसलं राजकारण पॅरिशमध्ये फारसं नसतंच, बहुतेक जण अपक्ष असतात. भांडणं असतात, हे मान्य. चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिशची, सदस्यांच्या आरडाओरड्यामुळे गाजलेली ती झूम मीटिंग २०२१ च्या फेब्रुवारीत तुम्हीही पाहिली असेल. चाळीस माणसांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्याला त्यात नवीन काय वाटणार?

आता थोडं कडू. आपली मंडळं खेड्यांतसुद्धा गणपती बसवतात. त्यासाठी व्हिलेज हॉल सहा महिने आधी बुक होतो, आरतीला गावातल्या चार गोऱ्या आजी येतात, मोदकांचं कौतुक करतात, फोटो फेसबुकवर जातो. हे सगळं छान आहे. पण त्या हॉलचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीचं अनुदान मागायचं की नाही यावर पॅरिशमध्ये चर्चा झाली, तेव्हा वर्षातून दोनदा हॉल वापरणाऱ्या आपल्यापैकी एकही जण तिथे नव्हता. कार्यक्रमाला कौन्सिलरला बोलावतो ते शाल आणि श्रीफळ द्यायला. त्याऐवजी त्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून बसचं विचारा ना. शालीचे पैसेही वाचतील.

याच्याच जोडीला एक विनंती आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कृपा करून “मराठी उमेदवार” म्हणून उभे राहू नका आणि कोणाला तसा उभा करू नका. शहरांत एकगठ्ठा मतांचं गणित मांडता येतं, आपल्या लोकांना ते गणित बसल्या जागी येतंही. खेड्यातल्या वॉर्डात आपली मतं तीन किंवा पाच, तेव्हा ते गणित सुरूच होत नाही, आणि मला हेच फार आवडतं. तिथे निवडून यायचं तर मेंढपाळाकडे जाऊन त्याच्या कुंपणाबद्दल बोलावं लागतं, एकट्या राहणाऱ्या विधुराला पोस्ट ऑफिस बंद झाल्यावर पेन्शन कशी काढता ते विचारावं लागतं. आपण बोलणार ते रात्रपाळीच्या नर्सच्या वतीने, मग ती केरळची असो, झिम्बाब्वेची किंवा शेजारच्याच गावात जन्मलेली. तिची सातची बस आणि माझी सातची बस एकच आहे. आडनाव कोणतं हे ड्रायव्हर विचारत नाही.

वेळ नाही, हे कारण मला मान्य आहे. सगळ्यांनी उभं राहावं असं म्हणतच नाही. पॅरिशची मीटिंग साधारण महिन्यातून एकदा, संध्याकाळी, दीड-दोन तास. तीन दिवस आधी नोटीस लावावी लागते आणि ती कोणालाही खुली असते. १ मार्च ते १ जून या काळात वर्षातून एकदा संपूर्ण गावाची सभा घ्यावीच लागते, आपल्या ग्रामसभेसारखी. तिथे प्रत्येक मतदाराला बोलता येतं आणि मतही देता येतं. अशी सभा एरवीही हवी असेल तर सहा मतदारांच्या सह्या पुरतात. सहा जणांनी लेखी मागणी केली तर अलॉटमेंटसाठी जागेचा विचारही कौन्सिलला करावाच लागतो. मेथी आणि अंबाडीसाठी तळमळणाऱ्यांनी हा सहाचा आकडा लिहून ठेवावा. दर उन्हाळ्यात ३० कामकाजाचे दिवस पॅरिशचे हिशोब कोणालाही तपासायला खुले ठेवावे लागतात. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून करून बोटं झिजवलेल्यांना तर ही मेजवानीच. आणि एवढंही जमत नसेल तर पोस्टाने मत द्या. रात्रपाळी हे कारण त्यालाही लागू पडत नाही.

मोठ्या कौन्सिलांच्या वॉर्डांच्या सीमा ठरवणारा एक स्वतंत्र आयोग आहे. फेररचना झालेल्या ठिकाणी तो सीमा नव्याने आखतो आणि आखण्याआधी लोकांची मतं मागवतो. त्याला मतदारांची संख्या समान ठेवायची असते, पण गावांचे आपसातले संबंधही पाहायचे असतात. कोणत्या खोऱ्याचा बाजार कुठे भरतो, मुलं कुठल्या शाळेत जातात, डॉक्टर कुठे, हे त्याला लंडनमध्ये बसून कळत नाही. तुमच्या सर्जरीत रोज तीन गावांची माणसं येतात. कोण कुठून आणि कोणत्या रस्त्याने येतं, हे डॉक्टरसाहेब, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? एक पानभर लिहून पाठवा. इंग्रजी कसं आहे ते आयोग पाहत नाही.

नॉर्थ यॉर्कशायरमध्ये कौन्सिलची पुढची निवडणूक २०२७ च्या मे महिन्यात आहे. तुमच्याकडे कधी, ते तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर मिळेल. मतदानाआधी १२ कामकाजाच्या दिवसांपर्यंत नाव घालता येतं. या आठवड्यात एवढंच करा: दुकानाबाहेरच्या किंवा हॉलच्या भिंतीवरच्या काचेच्या फळ्यासमोर दोन मिनिटं थांबा आणि पुढच्या मीटिंगची तारीख फोनमध्ये टाका. तिथे जागा रिकामी असल्याची नोटीस लागली असेल तर मला नक्की कळवा. अर्ज भरताना काही अडलं तर तो आपण मिळून भरू.

तुमच्यातलीच,
नॉर्थ यॉर्कशायरमधल्या एका खोऱ्यातून

ता. क. मतदान केंद्रावर आता फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. आधार, पॅन आणि भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो. त्याची मुदत संपली असली तरी चालतो, फक्त फोटोतला माणूस तुम्हीच आहात हे ओळखू यायला हवं. वीस वर्षांपूर्वीच्या मिशा असतील तर वेळेवर नवा काढून घ्या.